निर्देशित मानवी उत्क्रांती

निर्देशित मानवी उत्क्रांती म्हणजे तंत्रज्ञानाच्या साहाय्याने मानवाच्या आनुवंशिक जडणघडणीत हेतुपुरस्सर आणि पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचणारे बदल घडवून आणण्याची संकल्पना होय. नैसर्गिक उत्क्रांतीत उत्परिवर्तने यदृच्छेने होतात आणि त्यांपैकी कोणती टिकतात हे परिस्थिती व योगायोग ठरवतात. निर्देशित उत्क्रांतीत हा निर्णय माणसाने घ्यावा, असे अभिप्रेत असते. या संकल्पनेचा पहिला पद्धतशीर आविष्कार म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले गेलेले सुप्रजाजननशास्त्र. शरीरबाह्य फलन, भ्रूणाची जनुकीय तपासणी आणि क्रिस्पर-कॅस९ हे जनुकसंपादनाचे तंत्र यांमुळे एकविसाव्या शतकात ती पुन्हा चर्चेत आली. मानवी भ्रूणात संपादन करून मुले जन्माला घालण्यास बहुतेक देशांत मनाई आहे. भारतातही ते निषिद्ध आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

जीवशास्त्रात उत्क्रांती म्हणजे एखाद्या जीवसमूहातील जनुकांच्या विविध रूपांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या बदलत जाणे. ही व्याख्या काटेकोरपणे लावल्यास, माणसाची क्षमता वाढवणारे प्रत्येक तंत्र उत्क्रांतीला दिशा देते असे म्हणता येत नाही. चश्मा, लस, हृदयाचा गतिप्रेरक किंवा कर्णरोपण यांचा लाभ वापरणाऱ्या व्यक्तीपुरता असतो, तो वारशाने पुढे जात नाही. हाच भेद जनुकीय उपचारांनाही लागू पडतो. रक्तपेशी किंवा यकृतपेशी अशा कायिक पेशींतील बदल रुग्णाबरोबर संपतो, तर बीजांड, शुक्रपेशी किंवा प्रारंभिक अवस्थेतील भ्रूण यांत केलेला बदल त्या व्यक्तीच्या संततीत उतरू शकतो. म्हणून निर्देशित उत्क्रांतीचा विचार मुख्यतः जननपेशी व भ्रूण यांवरील हस्तक्षेपांशी निगडित आहे.

माणसाने स्वतःच्या उत्क्रांतीवर नकळत परिणाम केल्याची उदाहरणे मात्र जुनी आहेत. पशुपालन सुरू झाल्यानंतरच्या सुमारे दहा हजार वर्षांत युरोप, आफ्रिका, अरबस्तान व भारतीय उपखंडातील काही समाजांत प्रौढ वयातही दूध पचवण्याची आनुवंशिक क्षमता पसरली. येथे गुरे पाळण्याचा निर्णय माणसाचा होता, पण जनुकीय परिणाम कोणी योजिलेला नव्हता. हेतू असणे किंवा नसणे हाच निर्देशित आणि अनिर्देशित उत्क्रांतीमधील फरक होय.

इतिहास

सुप्रजाजननशास्त्र

चार्ल्स डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाळीव जनावरांच्या कृत्रिम निवडीचा दाखला देऊन नैसर्गिक निवड समजावून दिली होती. डार्विन यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातील फ्रान्सिस गॉल्टन यांनी हीच कृत्रिम निवड मानवाला लावण्याचा विचार मांडला आणि १८८३ साली त्यासाठी ‘युजेनिक्स’ ही संज्ञा घडवली. इष्ट गुणांच्या व्यक्तींना अधिक संततीसाठी उत्तेजन देणे आणि अनिष्ट गुणांच्या व्यक्तींच्या संततीस आळा घालणे, अशी त्याची दोन अंगे होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यातील दुसऱ्या अंगाला कायद्याचे बळ मिळाले. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९२७ साली ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा तशाच स्वरूपाचा कायदा वैध ठरवला. या खटल्यातील कॅरी बक ही तरुणी, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या ‘मतिमंद’ असल्याचे न्यायालयापुढे मांडण्यात आले होते. पुढे संशोधकांनी कागदपत्रे तपासली, तेव्हा ती मुलगी शाळेत सर्वसाधारण प्रगती करत होती आणि एकदा गुणवत्ता यादीतही आली होती, असे आढळले. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६०,००० हून अधिक व्यक्तींचे निर्बीजीकरण झाले. स्वीडनमध्ये १९३० ते १९७० च्या दशकांत ही संख्या सुमारे ६३,००० होती, मात्र त्यांतील सर्वच शस्त्रक्रिया सक्तीच्या नव्हत्या. जर्मनीत नाझी राजवटीने जुलै १९३३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार सुमारे ४ लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले आणि १९३९ पासून अपंग व मनोरुग्ण यांची हत्या करण्यापर्यंत हे धोरण गेले.

भारतातही या विचाराचे पडसाद उमटले. मराठी कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ लिहून भारतात सुप्रजाजननाची चळवळ उभारण्याचा पुरस्कार केला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत सुरू केलेल्या संततिनियमन केंद्राचा आणि १९२७ पासून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा मुख्य भर स्त्रियांचे आरोग्य व लैंगिक शिक्षण यांवर होता. त्या काळच्या संततिनियमनाच्या चर्चेत हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर

नाझी अत्याचारांमुळे ‘सुप्रजाजनन’ हा शब्द बदनाम झाला, तरी मूळ विचार वेगळ्या नावांनी टिकून राहिला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९५७ साली ‘ट्रान्सह्युमॅनिझम’ या शीर्षकाच्या निबंधात मानवजातीने स्वतःच्या मर्यादा जाणीवपूर्वक ओलांडाव्यात, असे प्रतिपादन केले. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२३ च्या ‘डिडॅलस’ या व्याख्यानात गर्भाशयाबाहेर गर्भ वाढवण्याची कल्पना मांडली होती. पुढे १९५७ साली ते भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले. १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स व नेथन क्लाइन यांनी अंतराळप्रवासासंबंधीच्या लेखात ‘सायबॉर्ग’ हा शब्द घडवला. अवकाशात पृथ्वीसारखी परिस्थिती निर्माण करण्याऐवजी तेथे जगू शकेल असे शरीर घडवावे, आणि अशा रीतीने माणसाने आपल्या उत्क्रांतीत सक्रिय भाग घ्यावा, अशी त्यांची मांडणी होती. मात्र त्यांनी सुचवलेले उपाय औषधे व यंत्रे यांचे होते, आनुवंशिक बदलांचे नव्हते.

निवडीचे गणित

सुप्रजाजननवाद्यांचा दावा नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह होताच, पण त्याच काळातील लोकसंख्या आनुवंशिकीने त्याचे गणितही चुकीचे असल्याचे दाखवून दिले. एखादा अप्रभावी आनुवंशिक रोग दर १०,००० जन्मांमागे एका बालकास होतो असे मानल्यास, सदोष जनुकाचे समाजातील प्रमाण शेकडा एक असते. हा रोग होण्यासाठी आई व वडील या दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. त्यामुळे त्याच १०,००० लोकांत केवळ एक सदोष प्रत बाळगणारे, स्वतः निरोगी असलेले सुमारे १९८ वाहक असतात. म्हणजेच सदोष जनुकाच्या ९९ टक्के प्रती निरोगी व्यक्तींमध्ये दडलेल्या असतात आणि रुग्णांवर केलेली कोणतीही सक्ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक पिढीत एकाही रुग्णाला संतती होऊ दिली नाही, असे गृहीत धरले तरी रुग्णांचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ४१ पिढ्या लागतात. एक पिढी २५ वर्षांची धरल्यास हा काळ एक हजार वर्षांहून अधिक होतो. शिवाय दर पिढीत नवी उत्परिवर्तने होतच असतात.

हेच गणित आधुनिक तंत्रांनाही लागू आहे. १९७८ पासून शरीरबाह्य फलनाने जन्मलेल्या बालकांची एकूण संख्या एक कोटीहून अधिक मानली जाते, तर जगात दर वर्षी जन्मणाऱ्या बालकांची संख्या त्याच्या दहापटीहून अधिक असते. त्यामुळे प्रयोगशाळेत केलेले बदल यशस्वी झाले, तरी त्यांचा संपूर्ण मानवजातीच्या जनुकसंचयावरील परिणाम दीर्घकाळ नगण्य राहील. संबंधित बालक व त्याचे वंशज यांच्यावर मात्र तो पूर्णपणे आणि पहिल्याच पिढीपासून होतो.

तंत्रे

वाहक तपासणी व समुपदेशन

विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी दोन्ही जोडीदारांची तपासणी करून आजारी संततीचा धोका कळवणे, हे यांतील सर्वांत साधे तंत्र होय. सायप्रस देशात साधारण दर सात व्यक्तींमागे एक व्यक्ती थॅलेसेमियाची वाहक आहे. तेथे १९७० च्या दशकापासून राबवलेल्या तपासणी कार्यक्रमामुळे थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे जन्म जवळजवळ थांबले, मात्र वाहकांचे प्रमाण त्यामुळे घटले नाही. रोग टाळणे आणि जनुकसंचय बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे हे उदाहरण आहे. भारतात जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात अशाच तपासणीवर व समुपदेशनावर भर असून २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार परिसरातील आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार आढळतो.

भ्रूणाची निवड

शरीरबाह्य फलनाने तयार झालेल्या भ्रूणांतून काही पेशी काढून त्यांची जनुकीय तपासणी करता येते आणि रोगमुक्त भ्रूणच गर्भाशयात सोडता येतो. १९९० साली लंडनमध्ये या पद्धतीने प्रथम बालके जन्माला आली. या तंत्राने नवीन जनुक निर्माण होत नाही. आईवडिलांकडे असलेल्या जनुकांच्या उपलब्ध जुळण्यांपैकी एक निवडली जाते.

तंतुकणिका प्रत्यारोपण

पेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रिया) ३७ जनुके असतात व ती केवळ आईकडून येतात. ती सदोष असल्यास आईच्या बीजांडातील केंद्रकीय डीएनए दुसऱ्या निरोगी स्त्रीच्या, केंद्रक काढलेल्या बीजांडात ठेवता येतो. ब्रिटनने २०१५ साली कायदा करून या तंत्रास परवानगी दिली. न्यूकॅसल येथे त्याद्वारे आठ बालके जन्मल्याचा अहवाल जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. यातील मुलींच्या पुढील पिढ्यांत दात्या स्त्रीच्या तंतुकणिका जाऊ शकतात. त्यामुळे हा वारशाने पुढे जाणारा आणि कायद्याने मान्यता मिळालेला मानवी हस्तक्षेप ठरतो.

जनुकसंपादन

२०१२ साली जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी जिवाणूंच्या विषाणुविरोधी संरक्षणव्यवस्थेवर आधारित क्रिस्पर-कॅस९ हे साधन विकसित केले. त्यासाठी त्यांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या साधनात मार्गदर्शक आरएनए डीएनएवरील ठरावीक क्रम शोधतो व कॅस९ हे विकर तेथे छेद देते. पेशी तो छेद सांधत असताना जनुक निष्क्रिय होऊ शकते किंवा दिलेल्या नमुन्यानुसार बदलते.

कायिक पेशींवरील या तंत्राचा उपचार आता वापरात आला आहे. सिकलसेल आजारावरील ‘कॅसजेव्ही’ या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या रक्तमूलपेशी शरीराबाहेर संपादित करून त्यांना गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार करण्यास प्रवृत्त केले जाते. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. हा बदल रुग्णाच्या संततीत जात नाही.

२०१८ चे जुळ्या मुलींचे प्रकरण

मानवी भ्रूणावरील क्रिस्परच्या वापराचा पहिला शोधनिबंध एप्रिल २०१५ मध्ये चीनमधील सुन यत्-सेन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यातील भ्रूण जन्मास येण्याजोगे नव्हते. संपादनाची अचूकता कमी असल्याचे व डीएनएवर भलत्याच जागी छेद गेल्याचे त्यांना आढळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सुरक्षितता सिद्ध होऊन व्यापक सामाजिक सहमती होईपर्यंत या तंत्राचा प्रजननासाठी वापर करणे बेजबाबदारपणाचे ठरेल, अशी भूमिका घेतली.

तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये शेन्झेन येथील संशोधक हे जिआनकुई यांनी संपादित भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते आणि एचआयव्हीला पेशीत शिरण्यास मदत करणारे सीसीआर५ हे जनुक निष्क्रिय करणे हा प्रयोगाचा हेतू सांगण्यात आला. या प्रयोगावर तीन प्रमुख आक्षेप घेतले गेले. पहिला असा की, शुक्रपेशी धुऊन वापरण्याच्या प्रचलित पद्धतीने वडिलांकडून होणारा संसर्ग टाळता येत होता, त्यामुळे मुलींना संपादनाची वैद्यकीय गरज नव्हती. दुसरा असा की, युरोपीय लोकांत निसर्गतः आढळणारे ३२ आधारजोड्यांच्या लोपाचे संरक्षक रूप या भ्रूणांत निर्माण झालेच नाही. त्याऐवजी पूर्वी कधीही न अभ्यासलेले बदल झाले. एकीत जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या व दुसरीत एकच प्रत बदलली. तिसरा आक्षेप असा की, पालकांची संमती योग्य रीतीने घेतली गेली नव्हती. पुढे अशाच प्रकारे तिसरे बालक जन्मल्याचेही स्पष्ट झाले. ३० डिसेंबर २०१९ रोजी शेन्झेन येथील न्यायालयाने जिआनकुई यांना बेकायदेशीर वैद्यकीय व्यवसायाबद्दल तीन वर्षांचा कारावास आणि ३० लाख युआन दंड अशी शिक्षा सुनावली.

वैज्ञानिक मर्यादा

जनुक व गुण यांचा संबंध बहुधा एकास एक नसतो. उंचीसारख्या मोजण्यास सोप्या गुणाशी डीएनएमधील १२,००० हून अधिक ठिकाणचे फरक निगडित असल्याचे २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून दिसून आले. यातील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे त्यावर आधारलेले भाकीत इतर समाजांना तितकेसे लागू पडत नाही. बुद्धिमत्ता किंवा स्वभाव यांसारख्या गुणांबाबत गुंतागुंत आणखी वाढते.

दुसरे म्हणजे, एकाच जनुकाचे अनेक परिणाम असतात. सिकलसेलच्या जनुकाच्या दोन प्रती गंभीर आजार घडवतात, परंतु एक प्रत असलेल्या व्यक्तीस तीव्र हिवतापापासून लक्षणीय संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते जनुक टिकून राहिले. सीसीआर५ निष्क्रिय असलेल्या व्यक्तींत वेस्ट नाईल विषाणूचा संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो. एखादे जनुक ‘वाईट’ आहे हा निर्णय परिस्थितिसापेक्ष असतो आणि परिस्थिती काही पिढ्यांतच बदलू शकते. तिसरी अडचण भ्रूणावस्थेतील संपादनाची आहे. भ्रूणातील काही पेशी संपादित होतात व काही तशाच राहतात, त्यामुळे तपासणीसाठी काढलेल्या मोजक्या पेशींवरून उर्वरित भ्रूणाची खात्री देता येत नाही.

वैयक्तिक निवडी आणि सामूहिक परिणाम

आधुनिक तंत्रांचे समर्थक त्यांचा वापर शासनाच्या सक्तीने नव्हे, तर पालकांच्या इच्छेने होईल असे सांगतात व त्यामुळे ती जुन्या सुप्रजाजननशास्त्राहून वेगळी असल्याचे मानतात. या युक्तिवादाची कसोटी म्हणून भारतातील गर्भलिंगनिवडीचा दाखला दिला जातो. गर्भजलपरीक्षा ही गर्भातील दोष ओळखण्यासाठी आलेली चाचणी १९८० च्या दशकापर्यंत मुंबईसह अनेक शहरांत मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली. ‘फोरम अगेन्स्ट सेक्स डिटर्मिनेशन अँड सेक्स प्री-सिलेक्शन’ या मंचाने मुंबईत त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९८८ साली महाराष्ट्राने या चाचण्यांचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा केला. त्यानंतर १९९४ साली केंद्रीय कायदा झाला. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागील मुलींची संख्या १९९१ ते २००१ या दशकात भारतात ९४५ वरून ९२७ वर व महाराष्ट्रात ९४६ वरून ९१३ वर आली. २०११ च्या जनगणनेत दोन्ही आकडे आणखी खाली गेले.

लिंगगुणोत्तरातील हा बदल वारशाने पुढे जात नसल्याने काटेकोर अर्थाने उत्क्रांती नव्हे. मात्र त्यातून निवडीच्या तंत्रज्ञानाचे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते. एकेका कुटुंबाचा निर्णय खासगी असला, तरी त्यामागील सामाजिक दडपण समान असल्यास लाखो निर्णय एकाच दिशेने जातात आणि कोणाचीही थेट सक्ती नसताना एका दशकात जनगणनेत दिसेल इतका परिणाम घडतो. त्वचेचा वर्ण, उंची किंवा अपंगत्व यांबाबत भ्रूणनिवड खुली झाल्यास असेच घडेल, अशी भीती टीकाकार व्यक्त करतात.

नैतिक मतमतांतरे

तत्त्वज्ञ ज्युलियन सॅवुलेस्कू यांनी २००१ साली असे प्रतिपादन केले की, उपलब्ध माहितीच्या आधारे सर्वांत चांगले आयुष्य लाभण्याची शक्यता असलेले अपत्य निवडणे हे पालकांचे नैतिक कर्तव्य आहे. समर्थकांच्या मते टाळता येण्याजोगे दुःख नशिबावर सोडणे हाही एक निर्णयच असतो.

याउलट जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांच्या मते एका पिढीने दुसऱ्या पिढीची जडणघडण ठरवल्यास माणसामाणसांतील समानतेच्या नात्याला तडा जातो, कारण शिक्षण व संस्कार नाकारता येतात, पण जनुकीय योजना नाकारता येत नाही. मायकेल सँडेल यांचा आक्षेप अपत्याकडे देणगी म्हणून पाहण्याची वृत्ती नष्ट होण्यास आहे. अपंग हक्क चळवळीतील विचारवंत असे निदर्शनास आणतात की, अपंगत्वाचे बरेचसे दुःख शरीरापेक्षा समाजाच्या रचनेतून येते आणि भ्रूण वगळण्याचा प्रघात हयात अपंग व्यक्तींच्या प्रतिष्ठेवर परिणाम करतो. महागड्या तंत्रांचा लाभ केवळ श्रीमंतांना मिळाल्यास सामाजिक विषमता जैविक बनेल, हा मुद्दा दोन्ही पक्षांतील अनेकांना मान्य आहे. ब्रिटनच्या नफील्ड जैवनीतिशास्त्र परिषदेने २०१८ च्या अहवालात मध्यम भूमिका घेतली. भावी व्यक्तीचे हित साधले जावे आणि समाजातील विषमता वा भेदभाव वाढू नये, या दोन अटींवर भविष्यात असे संपादन नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह ठरू शकेल, असे तिचे मत होते.

कायदेशीर स्थिती

युरोप परिषदेच्या १९९७ च्या ओव्हिएदो करारानुसार वंशजांच्या जनुकसंचात बदल घडवण्याच्या हेतूने हस्तक्षेप करण्यास मनाई आहे. युनेस्कोने त्याच वर्षी मानवी जनुकसंचाविषयीचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. कॅनडात २००४ च्या कायद्यानुसार असे संपादन हा फौजदारी गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये मानवी जनुकसंपादनाच्या नियमनासंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या जनुकोपचारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जननपेशींवरील जनुकोपचार निषिद्ध आहे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी करता येते. लिंगनिवडीसाठी ती करणे हा गुन्हा आहे.

हे सुद्धा पहा

उत्क्रांती
सुप्रजाजननशास्त्र
जनुकीय अभियांत्रिकी
शरीरबाह्य फलन
सिकलसेल आजार